टेलचं पाणी: एका चारीवरच्या पाणीवाटपाचं प्रकरण

एका कालव्याच्या लघुवितरिकेवर, म्हणजे मायनरवर किंवा चारीवर, शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था उभी राहिली. ती दुष्काळात हेलकावली आणि पुढे कशीबशी सावरली. त्या काळात एका स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता म्हणून मी तिथे जात-येत होतो. गावं आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत. कालव्याजवळच्या गावाला 'वरचं गाव' आणि चारीच्या शेवटाकडच्या, म्हणजे टेलच्या, गावाला 'खालचं गाव' म्हटलं आहे. आमच्या चुकाही यात लिहिल्या आहेत, कारण त्याच चुका दुसऱ्या चाऱ्यांवर आजही होताना पाहतो.

पार्श्वभूमी

प्रकल्प मध्यम, म्हणजे 2,000 ते 10,000 हेक्टर लाभक्षेत्राच्या वर्गातला. प्रदेश अवर्षणप्रवण. या कालव्याच्या आमच्या मायनरवर सुमारे 240 हेक्टर क्षेत्र आणि 160 खातेदार. वरच्या गावाची जमीन काळी आणि खोल. तिथे विहिरी आहेत, द्राक्षं आहेत, थोडा ऊस आहे. खालच्या गावात मुरमाड रान, ज्वारी-हरभरा, आणि पाणी मिळालंच तर गहू-कांदा. मधल्या पाच किलोमीटरमध्ये चारी कुठे अस्तराची, बहुतेक ठिकाणी मातीची.

जुनी पद्धत वाचकांना माहीत असेल. शेतकऱ्याने नमुना नंबर 7 म्हणजे पाणी मागणीचा अर्ज भरायचा, कालवा सल्लागार समितीने आवर्तनं म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या खेपा ठरवायच्या, पाटकऱ्याने (पाणी वाटणाऱ्या कर्मचाऱ्याने) शेजपाळीने, ओळीने एकेका शेताला, पाणी द्यायचं आणि पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर आकारायची. या शेवटच्या गोष्टीकडे मी नेहमी लक्ष वेधतो. पट्टी हेक्टरवर असेल तर पाणी मोजायची गरज कुणालाच पडत नाही. एका हेक्टर गव्हाला एकदा पाणी दिलं काय किंवा रात्रभर वाफे तुडुंब भरले काय, बिल तेच. अर्ज न भरता पाणी घेतलं तर बिलही नाही. वीस-वीस वर्षं चाऱ्या अशाच चालल्या आणि पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयाच्या दप्तरात त्या व्यवस्थित चालल्याची नोंद राहिली.

2005 साली महाराष्ट्राने दोन कायदे केले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. दुसरा कायदा सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा. या दुसऱ्या कायद्यानुसार संस्थेच्या हद्दीतला प्रत्येक जमीनधारक सभासद असतो. पूर्वीच्या सहकारी पाणी संस्थांसारखं 'मी आलो नाही, मला लागू नाही' असं म्हणता येत नाही. संस्थेला पाणी तिच्या मुखाशी मोजून मिळतं, पट्टी घनमापनावर, म्हणजे किती घनमीटर पाणी घेतलं त्यावर, द्यायची असते आणि कोणतं पीक घ्यायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं. संचालक मंडळात वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागाला सारखी जागा, महिलांना राखीव जागा, अध्यक्षपद तिन्ही भागांत आळीपाळीने. कागदावर हा कायदा टेलच्या माणसाच्या बाजूने विचार करून लिहिलेला आहे, असं माझं ठाम मत आहे.

नेमका प्रश्न

2012 च्या पावसाळ्यात धरण भरलं नाही. रब्बीत एकच आवर्तन मिळालं. त्या पाळीत, जानेवारीतल्या एका रात्री मी खालच्या गावातल्या चार जणांबरोबर टेलपासून वरच्या दिशेने चारीच्या काठाने चालत निघालो.

टेलला चारीच्या तळाला नुसती ओल होती. दीड किलोमीटर वर गेल्यावर घोट्याएवढं पाणी लागलं. त्याच्या पुढे एका बाभळीखाली पहिले डोंगळे दिसले. काळ्या पाइपचे तीन तुकडे चारीच्या भरावावरून वाकवून टाकलेले, तिन्ही चालू. कान लावला तर पलीकडच्या सरीत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. पुढे मातीने भरलेल्या गोण्या चारीत आडव्या रचून पाणी तुंबवायला फुगारा केला होता आणि शेताकडे पाणी सोडणाऱ्या आउटलेटचं दार ज्यावर बसतं ती लोखंडी चौकटच काढलेली होती. मुखापर्यंत पोचेतो आम्ही डोंगळे मोजायचं सोडून दिलं. बरोबरचा एक जण तापला होता. त्याने एक पाइप ओढून काढलाही. आत मोटारीच्या खोपीत झोपलेला म्हातारा उठून बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा, मला तरी कुठं पाळी लावून दिलीय? आलंय तोवर घेतोय. उद्या बंद झालं तर?"

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. चोरी तर होतीच. पण मुखाजवळच्या माणसालाही पाणी किती दिवस आहे, आपली पाळी कधी, पुढचं आवर्तन येणार की नाही हे ठाऊक नव्हतं. भरवसा नसलेला माणूस हाताला लागेल तेवढं घेतो.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावातल्या एका मावशींशी बोललो. त्या तीन रात्री दारं धरायला म्हणून रानात थांबल्या होत्या. "पाटकरी म्हणला, आज येतंय. पाटकऱ्याला तरी काय बोलायचं, पाच चाऱ्यांवर एकटा हिंडतोय तो." त्यांचा हरभरा घाट्यात येऊन करपला.

तिघांची तीन म्हणणी होती. खालचं गाव म्हणे, वरचे चोर आहेत. वरचं गाव म्हणे, धरणातच नाही तर आम्ही काय करणार. शाखा कार्यालय म्हणे, खालचे लोक अर्ज भरत नाहीत आणि थकबाकी ठेवतात, मग त्यांच्यासाठी पाणी कसं सोडायचं. तिन्हींत थोडं थोडं खरं होतं. आकडा मात्र एकाकडेही नव्हता. चारीच्या मुखाशी पाणी मोजायचा फ्लूम बांधलेला होता, पण तो गाळात गाडला गेला होता.

समोर असलेले पर्याय

मार्च 2013 मध्ये खालच्या गावाच्या देवळात बैठक झाली. तरुणांचं म्हणणं होतं की डोंगळे टाकणाऱ्यांची नावं घेऊन तक्रार करायची आणि पुढच्या आवर्तनाला पोलीस बंदोबस्त मागायचा. कायद्याने ते शक्य होतं. पण बंदोबस्त दहा दिवस राहतो, शेजार जन्मभर. दोन्ही गावांत सोयरिकी होत्या. शिवाय नावं देणार कोण, या प्रश्नावर बैठक गप्प झाली.

नियमन प्राधिकरणाच्या तंटा निवारण यंत्रणेकडे जाण्याचाही विचार झाला. तिथे पुरावा लागतो. आम्हाला किती पाणी मिळायला हवं होतं आणि किती मिळालं, यातलं दुसरं सांगायला काहीच नव्हतं. तो पर्याय तिथेच पडला, पण त्यातून मोजणीचा मुद्दा पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडी आला.

शेततळी खोदून टेलने आपली सोय आपण करावी, हा सल्ला कार्यालयातून आला. काहींना तो आवडलाही. मी त्याच्या विरोधात बोललो. तळं भरायलाही टेलला पाणी यावं लागतं. आणि एकदा टेलने कालव्याचा नाद सोडला की त्याच्या हक्काचं पाणी कागदावरूनही जातं.

चौथा पर्याय पाणी वापर संस्थेचा. यात सगळ्यात मोठी अडचण अशी की संस्था दोन्ही गावांची मिळून होणार होती. वरच्या गावाने यात का यावं? त्याला तर पाणी मिळतच होतं. एका ज्येष्ठ द्राक्ष बागायतदारांनी, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मला सरळ विचारलं, "यात आमचा फायदा सांगा. धर्म सांगू नका." मी दोन गोष्टी सांगितल्या. पाळीची तारीख आधी कळेल, आणि पीक स्वातंत्र्य मिळेल म्हणजे द्राक्षासाठी वेगळी मंजुरी मागत फिरावं लागणार नाही. अण्णांना तारखेचं पटलं. बागेला पाणी कधी येणार हे माहीत असण्याचं मोल बागायतदाराला नेमकं कळतं.

याच बैठकीत शेतमजुरी करणाऱ्या एका बाईंनी विचारलं की ज्याला रानच नाही त्याचा पाण्यात वाटा काय. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर ठरत नव्हता, घरातल्या माणसांवर ठरत होता. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, आणि भूमिहीनालाही वाटा. मी हे बैठकीत सांगितलं. 2005 चा कायदा मात्र जमीनधारकाचाच आहे. तिचा प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला आणि तिथेच राहिला.

काय केलं

आधी दोन्ही गावांतले वीसेक जण वाघाडला नेले. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या या प्रकल्पावर, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रयत्नांतून, शेतकऱ्यांनी संस्था बांधून पाणी हाती घेतलं आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी हिशेबाच्या वह्या उघडून दाखवल्या. आमच्या लोकांवर भाषणांपेक्षा त्या वह्यांचाच परिणाम झाला.

मग संयुक्त पाहणी झाली. कायद्यात चारी संस्थेच्या ताब्यात देण्याआधी, म्हणजे हस्तांतरणाआधी, अधिकारी आणि शेतकऱ्यांनी मिळून चारी पाहायची, दुरुस्तीची यादी करायची असते. आम्ही ती पायी केली, दोन दिवस. फ्लूममधला गाळ खोऱ्याने काढला तेव्हा आत काँक्रीट शाबूत निघालं, पण मोजपट्टी गंजून गेली होती. नवी बसवली. मापावर वरच्या गावाचा विश्वास बसेना, कारण पट्टीवरच्या उंचीवरून प्रवाह सांगणारा तक्ता कार्यालयाचा होता. तेव्हा शाखा अभियंत्यांनी फार चांगली गोष्ट केली. फ्लूमच्या खालच्या अस्तराच्या सरळ भागात दहा मीटरवर दोन खुणा केल्या आणि वरच्या खुणेशी एक लिंबू सोडलं. अण्णांच्या नातवाने मोबाइलवर वेळ लावली. तीन वेळा केलं, सरासरी 22 सेकंद. पाण्याची रुंदी 70 सेंटिमीटर, खोली 31. पृष्ठभागावरचा वेग जास्त असतो म्हणून 0.85 ने गुणायचं, हे साहेबांनी समजावलं. उत्तर आलं सेकंदाला 84 लिटर. फ्लूमचा तक्ता सांगत होता 85, म्हणजे 3 क्युसेक (सेकंदाला 3 घनफूट). लोक हसले. त्या दिवसानंतर फ्लूमच्या मापावर कुणी शंका घेतल्याचं मला आठवत नाही.

आता वाटपाचा नियम. बहुतेकांच्या मनात साधं गणित होतं. हेक्टरी सगळ्यांना सारखे तास. मला स्वतःलाही ते न्याय्य वाटत होतं. टेलच्या एका शिक्षकाने ते मोडून काढलं. मुखाशी 3 क्युसेक असतात तेव्हा टेलला 2 च पोचतात, हे आम्ही त्याच लिंबाच्या पद्धतीने तपासलं होतं. एका हेक्टरवर साडेसात सेंटिमीटर पाणी उभं करायचं तर 750 घनमीटर लागतात. 3 क्युसेकने त्याला जवळपास अडीच तास लागतात, 2 क्युसेकने पावणेचार. म्हणजे तास सारखे दिले तर टेलला पाणी दोन तृतीयांशच मिळतं. शिक्षकाने हे फळ्यावर मांडलं तेव्हा वरच्या गावातून प्रश्न आला आणि तो रास्त होता. मधे मुरतं ते पाणी कुणाच्या खात्यावर? टेलसाठी पाणी नेताना मुरतं, मग टेलनेच भरावं.

माझ्या मते या प्रकरणातला हा पहिला खरा निर्णयाचा क्षण. तीन बैठका त्यावर गेल्या. शेवटी ठरलं की चारी सगळ्यांची, म्हणून मुरणारं पाणीही सगळ्यांच्या खात्यावर. तास त्या त्या भागात पोचणाऱ्या पाण्यावर ठरतील. सिंचन टेलपासून सुरू होईल आणि वर येत जाईल. हे मान्य करायला वरच्या गावाला जड गेलं, तरी केलं. त्याच वेळी आणखी एक विषय निघाला होता, वरच्या भागातल्या विहिरींचा. वाघाड प्रकल्पावरच्या ओझरच्या संस्थांनी विहिरींचं पाणीही हिशेबात धरलं आहे, हे आम्ही बघून आलो होतो. पण एवढं जुळलेलं मोडेल या भीतीने मी स्वतः तो विषय पुढे ढकलायला सांगितलं.

दुसरा निर्णय हस्तांतरणाचा. दुरुस्तीच्या यादीतलं सर्वांत मोठं काम म्हणजे मधल्या नाल्यावरून पाणी नेणारा छोटा जलसेतू. त्याचा एक खांब खचला होता. कार्यालय म्हणालं, आता चारी ताब्यात घ्या, निधी आला की काम करू. टेलला याच रब्बीत पाणी हवं होतं. आम्ही सही केली.

तिसरी गोष्ट, रोजची नोंद. सकाळ, दुपार, संध्याकाळ मोजपट्टी वाचून वहीत लिहायची आणि तोच आकडा चावडीवरच्या फळ्यावर. हे काम खालच्या गावातल्या बारावी झालेल्या एका मुलीने घेतलं. पहिल्याच आठवड्यात वरून आरोप झाला की ती आकडा कमी लिहिते. तिने भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वरच्या गावातल्या एकाला बोलावून त्याचीही सही वहीत घ्यायला लागली. पुढे हाच नियम झाला. प्रत्येक नोंदीला दोन सह्या, एक वरची, एक खालची.

पहिली दोन वर्षं

2013 चा पाऊस बरा झाला. त्या रब्बीत पाणी टेलपर्यंत पोचलं. ज्या मावशींचा हरभरा करपला होता त्यांच्या रानात मी दिवसाउजेडी पाणी चढताना पाहिलं. त्या वाफ्याच्या कडेला अनवाणी उभ्या होत्या आणि पाणी पायावरून गेलं तरी हलत नव्हत्या. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, त्यात त्यांचा गहू झोपला. पाणी मिळालेल्या पहिल्याच हंगामाचं असं झालं. तरी त्यांनी पाणीपट्टी भरली. संस्थेच्या वहीतली त्यांची ती पावती मी पाहिली आहे.

पुढच्या रब्बीत, दुसऱ्या पाळीला जलसेतू खचून खाली बसला. पाणी नाल्यात गेलं आणि टेल पुन्हा कोरडं राहिलं. कार्यालयाने सांगितलं की चारी आता संस्थेच्या ताब्यात आहे. संस्थेने सांगितलं की यादी तुमची आहे. वर्गणी काढून पाइप टाकून घेतला तेव्हा वरच्या गावाने आपला वाटा दिला. मला तो संस्थेच्या आयुष्यातला सगळ्यात आशेचा दिवस वाटला.

दुष्काळाचं वर्ष

2015 चा पावसाळाही कोरडा गेला. धरणातलं पाणी आधी पिण्यासाठी राखलं गेलं, ते योग्यच होतं. शेतीला एकच आवर्तन. आमच्या चारीला 3 क्युसेकने दहा दिवस. एक क्युसेक दिवसभर वाहिला की सुमारे 2,447 घनमीटर पाणी होतं. म्हणजे दहा दिवसांचे सुमारे 73,400 घनमीटर. मुरणारं तीन दशांश वजा केलं तर हेक्टरी 750 घनमीटरने 68 हेक्टर. चारीचं क्षेत्र 240.

दोन मार्ग होते. प्रत्येकाला त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात पाणी द्यायचं, म्हणजे मोठ्या खातेदाराला जास्त. किंवा खात्यामागे ठरावीक क्षेत्र धरायचं. 160 खात्यांना एकेक एकर दिला तर सुमारे 65 हेक्टर होतात, म्हणजे बसतं. अण्णा आणि इतर बागायतदारांचं म्हणणं होतं की ज्वारी गेली तर एक हंगाम जातो, बाग गेली तर दहा वर्षांची मेहनत आणि कर्ज. ते खोटं नव्हतं. त्या बैठकीत कुणाची बाजू चुकीची आहे असं मला म्हणता आलं नाही. मतदान घेतलं नाही, रात्री एकपर्यंत बसलो. अखेर अण्णांच्याच भावाने एक एकराला होकार दिला. "विहीर आहे आपल्याला. त्यांना काय आहे?"

त्या होकारात पुढच्या भांडणाचं मूळ होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आवर्तन झालं, टेलपासून सुरू होऊन दहाव्या दिवशी संपलं. सगळ्यांना एकर-एकर मिळालं. मग जानेवारीत खालच्या गावच्या लोकांनी पाहिलं की वरच्या भागातल्या चारीलगतच्या विहिरींच्या मोटारी चालूच आहेत, बागा हिरव्या आहेत. त्यांच्या स्वतःच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. ज्या शिक्षकाने फळ्यावर तासांचं गणित मांडलं होतं, त्यानेच आता दुसरं मांडलं. तीन दशांश पाणी मुरलं म्हणून आपण सगळ्यांच्या खात्यावर टाकलं. ते मुरलं कुठे? मातीच्या चारीतून झिरपून ते बरंचसं वरच्या विहिरींत गेलं. ज्यांनी ते उपसलं त्यांनी त्याचे पैसे दिले नाहीत, आणि ज्यांना ते मिळालं नाही त्यांनी दिले.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुरणारं पाणी सामायिक धरण्याचा नियम आम्ही टेलच्या भल्यासाठी केला होता. विहिरी हिशेबाबाहेर ठेवल्यामुळे तोच नियम टेलच्या अंगावर आला होता. खालच्या गावाने त्या वर्षीची पट्टी थांबवली. दोन संचालकांनी राजीनामे दिले. चार महिने संस्थेची बैठक झाली नाही.

नंतर

2016 ला पाऊस चांगला झाला आणि ताण उतरला. संस्था तुटली नाही याचं मुख्य श्रेय मी त्या नोंदवहीला देतो. भांडणाच्या महिन्यांत पाणी नव्हतं, म्हणून नोंदही नव्हती. पण पुढचं आवर्तन आलं त्या दिवशी दोन्ही गावांची माणसं फ्लूमवर हजर होती आणि वहीत दोन सह्या पडल्या. बैठक बोलावण्याआधी हे झालं.

2017 मध्ये विहिरींची मोजणी केली. चारीच्या दोन्ही अंगांना असलेल्या विहिरी, त्यांची खोली, कालवा चालू असताना आणि बंद असताना पाण्याची पातळी. दोरीला दगड बांधून दर आठवड्याला मोजलं. कालवा सुरू झाल्यावर पाणी वर येणाऱ्या विहिरी आणि न येणाऱ्या विहिरी वेगळ्या काढता आल्या. पाणी वर येणाऱ्या विहिरींनी पाळीच्या दरापेक्षा कमी दराने संस्थेला पट्टी द्यावी, असा ठराव झाला. अर्ध्याअधिक विहीरमालकांनी मान्य केलं. अण्णांनी पहिल्या वर्षी दिली नाही, दुसऱ्या वर्षी दिली. काही आजही देत नाहीत. त्या पैशातून वरच्या भागातल्या सर्वात गळक्या टप्प्याला अस्तर घातलं. त्याला वरच्या विहीरमालकांनी विरोध केला, आणि का केला ते उघड आहे.

वेगळं काय करता आलं असतं

विहिरींचा विषय 2013 मध्येच घ्यायला हवा होता. तेव्हा जुळलेलं मोडेल अशी भीती होती आणि कदाचित ते मोडलंही असतं. पण निदान विहिरींची पातळी मोजायला सुरुवात करता आली असती. मोजण्यावर कुणाचा आक्षेप नव्हता, आक्षेप पट्टीवर आला असता. दोन वर्षांच्या नोंदी हाताशी असत्या तर दुष्काळात ते भांडण फळ्यावरच्या अंदाजावर झालं नसतं.

जलसेतूबाबत तर मी स्वतःला माफ करत नाही. दुरुस्तीआधी ताबा घेऊ नये, निदान तारखेसह लेखी घ्यावं, हे मला माहीत होतं. टेलची घाई खरी होती म्हणून मी गप्प बसलो. आता इतर गावांत मी सांगतो की फ्लूम आणि पाणी ओलांडून नेणारी बांधकामं, ही दोन झाल्याशिवाय सही नको. बाकीची यादी थांबू शकते.

आणि ती नोंद घेणारी मुलगी. चारीचं पाणी तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. संचालक मंडळात महिलांच्या जागा होत्या आणि त्यांतल्या दोन जागांवरच्या बायकांच्या ऐवजी बैठकीला त्यांचे नवरे येत. तिला मात्र उभं राहता आलं नाही, कारण सातबाऱ्यावर तिच्या वडिलांचं नाव होतं. वडिलांना विचारून दहा गुंठे तिच्या नावावर करता आले असते का, हा प्रश्न आम्हाला तेव्हा सुचला नाही. लग्न होऊन ती गेली. नंतरच्या एका हंगामात वहीत तीन आठवड्यांची रिकामी पानं आहेत. कोणताही आकडा दोन सह्यांनी पक्का करायची पद्धत तिने घालून दिली. तीच आता एक निवृत्त पाटकरी आणि वरच्या गावातला एक तरुण चालवतात.

खात्यामागे एकराचा निर्णय मात्र मी आजही बरोबर मानतो. बागायतदारांचं नुकसान झालं, त्यांच्या दोन बागा गेल्या. तरीही. खानदेशातल्या फड पद्धतीत जुन्या लोकांनी रानं अशी विभागली होती की प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असेल आणि टंचाईच्या वर्षी जो फड भिजेल त्यात सगळ्यांचं थोडंथोडं भिजेल. आमच्या चारीवर जमीन तशी वाटलेली नव्हती, म्हणून पाणी तसं वाटावं लागलं.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो होतो. मोजपट्टी स्वच्छ होती, वही चालू होती. चारीलगतच्या बऱ्याच विहिरींवर आता सौर पंप बसले आहेत. दिवसभर ऊन असेतो ते चालतात, विजेचं बिल नाही. दोन विहिरींची पातळी कालवा चालू असतानाही वर आली नाही, असं दोरी सोडणाऱ्या तरुणाने दाखवलं. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय 'सौर पंपाच्या विहिरींची आकारणी' असा होता. तिसऱ्या विषयावर अंधार पडला आणि सभा तहकूब झाली. पुढची तारीख फळ्यावर लिहिली होती, दोन सह्यांसकट.